अपडेट टाकावं की टाळावं?

संगणक दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात एक तक्रार हमखास ऐकू येते : "अपडेट झालं आणि तेव्हापासून मशीन स्लो झालंय." या तक्रारीवर दोन ठाम मतं आहेत. एक मत असं, की चालत्या यंत्रात हात घालू नये. अपडेट बंद करून टाकावं आणि माणसाचं काम सुरू ठेवावं. दुसरं मत असं, की अपडेट बंद ठेवणं म्हणजे आजची अडचण टाळून उद्याचं मोठं नुकसान ओढवून घेणं. दोन्ही मतं अनुभवातून आलेली आहेत, म्हणून ती समोरासमोर बसवून ऐकायला हवीत. प्रश्न किरकोळ नाही. मंदावलेल्या संगणकापुढे खोळंबतो तो छापखान्यातला ऑपरेटर, सेवा केंद्रात दाखले काढून देणारा, रिटर्न भरणारा हिशेबनीस. यातल्या अनेकांची कमाई त्या दिवशी किती काम हातावेगळं झालं, यावरच ठरते.

पुढच्या संवादातल्या काकांचं सांगलीत दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांची पुतणी पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर आहे; तिथल्या शेकडो संगणकांपर्यंत अपडेट पोचवणं हे तिचं काम. टेबलावर एका छापखान्याचा संगणक आहे : आठव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज ११. वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट त्यावर नुकतंच बसलंय, आणि छापखान्यात दिवाळी अंकाची घाई आहे.

काका : यात बघायचं काय आहे? अपडेट बसून दहा दिवस व्हायचेत, म्हणजे 'गो बॅक' अजून चालेल. मागचं विंडोज परत आणतो, सर्व्हिसेसमध्ये जाऊन अपडेट डिसेबल करतो आणि संध्याकाळी मशीन प्रेसवर पोचवतो.

पुतणी : काका, मागे जाण्याआधी ते कशात अडकलंय एवढं तरी बघू या. अपडेटनंतर स्लो झालं हे खरं. अपडेटमुळे झालं का, ते अजून कुणी तपासलेलं नाही.

काका : तपासायला त्यांच्याकडे वेळ कुठंय? आणि कंपनीनं वेळ तरी कसली साधलीय बघ. २४एच२ हे वार्षिक अपडेट आलं १ ऑक्टोबर २०२४ ला. २५एच२ आलं ३० सप्टेंबर २०२५ ला. दोन्ही वेळेला आपल्याकडे दिवाळी अंकांची पानं लागत होती. ऑपरेटरनं रात्र-रात्र जागायचं आणि सकाळी स्क्रीनवर गोल फिरणारे ठिपके बघायचे, याला काय अर्थ आहे?

पुतणी : वेळेची तक्रार रास्त आहे, तिच्याकडे येऊच. आधी टास्क मॅनेजर उघडा.

काका : कंट्रोल-शिफ्ट-एस्केप. उघडलं. सीपीयू पंधराच्या आसपास, मेमरी निम्मी, डिस्क शंभर टक्के. अपडेटनंतर आलेल्या निम्म्या मशिनांत हेच दिसतं.

पुतणी : दिसणारच. अपडेट बसलं असा निरोप आला तरी काम संपलेलं नसतं. जुने घटक आवरायचे असतात, ते मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर करतो. हजारो फाइली बदललेल्या असतात, त्या डिफेंडर पुन्हा तपासतो. यादीत ते 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' या नावानं दिसतं. सर्च स्वतःची सूची नव्यानं बांधतो. डॉटनेटचं अपडेट असेल तर त्याचे भागही पुन्हा कंपाइल होतात. एसएसडीवर हे सगळं कळतही नाही. फिरत्या हार्ड डिस्कला मात्र इकडे-तिकडे विखुरलेल्या छोट्या नोंदी सेकंदाला शंभरेकच वाचता येतात. रेशन दुकानाच्या एकाच खिडकीवर चार रांगा याव्यात, तसं होतं. खिडकी तीच, माणूस तोच, आणि आपलं कॉरेलड्रॉ पाचव्या रांगेत.

काका : बरं, मग ही गर्दी ओसरते कधी?

पुतणी : संगणक मोकळा असताना. रात्रभर चालू ठेवला, की बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी ताळ्यावर येतो.

काका : इथंच तुमचं पुस्तकी गणित चुकतं बघ. आपल्याकडे प्रेस बंद करताना मालक भिंतीवरचा मेन स्विच पाडून जातो. शॉर्टसर्किटची भीती असते, विजेचं बिल असतं. मग रात्री काम व्हायचं कसं? रोज सकाळी मशीन चालू झालं, की तुझ्या त्या चार रांगा पुन्हा लागतात. ऑपरेटर म्हणतो, आठवडा झाला तरी स्लोच आहे. तो खोटं बोलत नाही.

पुतणी : मान्य. हे रुग्णालयात माझ्या लक्षात येत नाही, कारण तिथले संगणक रात्रीही चालू असतात. म्हणजे पहिला उपाय फुकटचा आहे : मोठं अपडेट बसलं की एक-दोन रात्री संगणक चालूच ठेवायचा, नेट चालू, प्रोग्रॅम सगळे बंद. छोट्या दुकानांना हे कुणी सांगतच नाही.

काका : आणि त्यानंही भागलं नाही तर?

पुतणी : तर शंभर टक्क्यांच्या शेजारचे आकडे वाचायचे. परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा. वाचनाचा वेग किती?

काका : एक एमबी. सव्वा एमबी. वर जातच नाहीये.

पुतणी : आणि रिस्पॉन्स टाइम?

काका : दोन हजार शंभर मिलिसेकंद. थांब, आता तीन हजारांवर गेला.

पुतणी : बघा. डिस्क शंभर टक्के आणि वेग ऐंशी-नव्वद एमबी असता, तर मी म्हटलं असतं की ती राबतेय, राबू द्या. इथं डिस्क पूर्ण गुंतलीय आणि हाती येतोय एक एमबी. धडधाकट हार्ड डिस्क एरवी दहा-वीस मिलिसेकंदांत उत्तर देते. ही एका उत्तराला दोन-तीन सेकंद घेतेय. एकच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न चाललाय. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टिमच्या नोंदी काढा, आणि 'डिस्क' हा शब्द शोधा.

काका : आहेत. क्रमांक १५३, वाचनाचा प्रयत्न पुन्हा केला. आणि हे बघ, क्रमांक ७, बॅड ब्लॉक. ओळीनं आहेत.

पुतणी : तारखा वाचा.

काका : ही अपडेटच्या दिवसाची. ही त्याच्या आधीची. ही... अगं, या तर गणपतीच्या आधीच्या आहेत! अपडेट आलं त्याच्या किती तरी आधीपासून डिस्क कुरकुरतेय.

पुतणी : आणि डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळी पट्टी. 'करंट पेंडिंग सेक्टर' शून्यावर नाही. अपडेटनं काही जीबी लिहिले, वर्षानुवर्षं न वाचलेल्या जागा वाचल्या, आणि जी खराबी कोपऱ्यात दडून होती ती रोजच्या वाटेवर आली. दुखणं जुनं होतं. ते दिसायला लागलं अपडेटच्या दिवशी.

काका : मग आता मी सांगतो पुढचं, कारण हे माझं काम आहे. मगाशी म्हटलं तसं 'गो बॅक' दाबलं असतं, तर या डिस्कवर आणखी काही जीबीची ओढाताण झाली असती आणि ती मध्येच बसली असती. पुष्कळ पोरं अशा वेळी चेकडिस्क लावतात, तेही आधी नाही लावायचं. ती तर अख्खी डिस्क खरवडते. पहिल्यांदा डेटा. डिस्क काढायची, दुसऱ्या मशिनला जोडायची आणि अंकाचा फोल्डर आधी उचलायचा. बाकीचं विंडोज गेलं तर मी पुन्हा टाकीन. लावलेली पानं पुन्हा कोण लावणार?

पुतणी : हे मात्र नव्या माणसांना शिकवायला हवं. दुरुस्ती नंतर, आधी प्रत.

काका : अंकाचा फोल्डर सुटला. आता बाकीची डिस्क एसएसडीवर क्लोन करायला लावतो. खराब जागा वगळून पुढे जाईल, वेळ लागेल. तोवर तू माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दे. आज डिस्क निघाली, ठीक. पण दर वेळी डिस्कच असते का? सप्टेंबर २०२१ आठव. अपडेट आलं आणि सांगलीतल्या निम्म्या ऑफिसांतले शेअर केलेले प्रिंटर बंद. '११बी' शेवटी असलेली ती एरर. मी ते एक अपडेट काढलं की प्रिंटर चालू. मग दोष कुणाचा होता?

पुतणी : प्रिंटर बंद पडले ते अपडेटनंच, यात वाद नाही. पण ते आलं कशासाठी तेही बघा. त्या वर्षी जून-जुलैत 'प्रिंटनाइटमेअर' नावाची त्रुटी उघड झाली. छपाईची रांग सांभाळणारी स्पूलर ही सेवा प्रत्येक विंडोजमध्ये असते, आणि तिच्यातून साध्या वापरकर्त्याला अख्ख्या यंत्राचा ताबा मिळत होता. ती बुजवताना आणि त्यानंतरच्या महिन्यांत प्रिंटरच्या जोडणीचे नियम एकेक करून कडक झाले, आणि जुन्या पद्धतीनं जोडलेले प्रिंटर त्यात बसेनात.

काका : भोक बुजवलं, पण दारही बंद केलं. जानेवारी २०१८ मध्ये तेच. मेल्टडाउन आणि स्पेक्टर. प्रोसेसरमधलीच चूक, ती झाकायला अपडेट आलं, आणि मायक्रोसॉफ्टनं स्वतः सांगितलं की २०१५ किंवा त्याआधीच्या प्रोसेसरवर विंडोज ७ आणि ८ वापरणाऱ्या बऱ्याच जणांना मशीन मंदावल्याचं जाणवेल. म्हणजे अपडेटनं मशीन स्लो होतं, हा माझ्या गिऱ्हाइकांचा भ्रम नाही. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरचं मोठं अपडेट काही लोकांच्या फाइली पुसून गेलं. कंपनीला ते थांबवावं लागलं. जिची फाइल गेली, तिला सुरक्षिततेचं व्याख्यान कसं द्यायचं?

पुतणी : देऊ नये. तिला तिची फाइल मिळाली पाहिजे. पण तुम्ही त्यातून 'म्हणून अपडेट बंद' हा निष्कर्ष काढता, तिथं माझा विरोध आहे. मी रुग्णालयात काम करते, म्हणून माझ्या डोळ्यांसमोर १२ मे २०१७ असतो. वॉनाक्राय हे खंडणी मागणारं सॉफ्टवेअर. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत एकट्या इंग्लंडमधल्या २३६ ट्रस्टपैकी किमान ८१ ट्रस्टना त्याची झळ लागली. हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. काही ठिकाणी रुग्णवाहिका दुसरीकडे वळवल्या. आणि ज्या त्रुटीतून ते आत शिरलं, तिचा उपाय १४ मार्चला, म्हणजे जवळपास दोन महिने आधी, आलेला होता. लागण झालेल्या तिथल्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ७ होतं. त्यांच्यासाठी अपडेट तयार होतं, ते बसवलेलं नव्हतं. कुणी तरी तेव्हा म्हटलंच असेल, चालतंय ना, मग राहू दे.

काका : आणि मी तुला त्याच वर्षाचा २७ जून दाखवतो. नॉटपेट्या, तसंच एक घातक सॉफ्टवेअर. ते आलं कुठून? युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. ज्यांनी तुझं ऐकून इमानदारीत अपडेट घेतलं, तेच आधी अडकले. तिथून मर्स्कसारखी जहाज कंपनी ठप्प झाली आणि आपल्याकडे न्हावा शेवाला जेएनपीटीत तिच्या गटाच्या टर्मिनलचं काम थांबलं. पार उरणपर्यंत झळ पोचली, तीही एका अपडेटच्या रस्त्यानं.

पुतणी : उदाहरण बिनतोड आहे. पण पुढचा अर्धा भागही सांगा. आत शिरल्यावर ते पसरलं ते दोन वाटांनी. एक, चोरलेल्या पासवर्डवरून. तिथं अपडेट केलेली यंत्रंही पडली, हे मी लपवत नाही. दुसरी वाट म्हणजे वॉनाक्रायचीच त्रुटी, जिचा उपाय तोवर तीन महिन्यांचा जुना झाला होता. म्हणजे एका अपडेटनं दार उघडलं आणि दुसरं न घेतल्यानं घर गेलं. यातून मी शिकले ते इतकंच, की अपडेट घ्यायचं, पण कुणाकडून आलंय, कधी घ्यायचं आणि किती यंत्रांवर एकदम, हे ठरवून घ्यायचं.

काका : किती यंत्रांवर एकदम! हे तू बोललीस ते बरं झालं. १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइकची एक सदोष फाइल, आणि जगभर ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले.

पुतणी : ते विंडोजचं अपडेट नव्हतं, सुरक्षेच्या सॉफ्टवेअरचं होतं. पण मुद्दा तोच. ती फाइल सगळीकडे एकदम गेली. आधी थोड्या यंत्रांवर जाऊन तिथं थांबली असती, तर बाकीची वाचली असती. आम्ही रुग्णालयात तसंच करतो. अपडेट आलं की आधी आमच्या विभागातले संगणक. दोन-तीन दिवस बघायचं. मग ओपीडीचे काही काउंटर. मग बाकीचं रुग्णालय. अतिदक्षता विभाग आणि प्रयोगशाळा सर्वांत शेवटी.

काका : तुमच्याकडे शेकडो आहेत म्हणून टप्पे पडतात. माझ्या गिऱ्हाइकाकडे एकच मशीन आहे. त्याचा पहिला टप्पा तोच आणि शेवटचाही तोच.

पुतणी : म्हणून त्यानं थांबून घ्यायचं. मायक्रोसॉफ्टचं सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं, ही पद्धत २००३ पासूनची आहे. सेटिंगमध्ये 'पॉज' आहे, पाच आठवड्यांपर्यंत पुढे ढकलता येतं. एक आठवडा थांबलं, की जगभरात कुणाचे प्रिंटर बंद पडले, कुणाच्या फाइली गेल्या, ते कळलेलं असतं. बिघाड मोठा असेल तर तोवर दुरुस्तीही येते. डिसेबल आणि पॉज यांत फरक एवढाच, की पॉजला शेवटची तारीख असते. तुम्ही डिसेबल केलेलं मशीन पुन्हा तुमच्याकडे येईपर्यंत तसंच राहतं.

काका : आणि ते चार-चार वर्षं येत नाही, हेही खरं. पण माझा राग निराळ्या गोष्टीवर आहे. विंडोज ७ मध्ये मी यादी उघडून एकेक अपडेट निवडायचो. सुरक्षेचं घ्यायचो, बाकीचं सोडायचो. ऑक्टोबर २०१६ पासून ते एकत्र बांधून यायला लागलं आणि विंडोज १० मध्ये तर निवड उरलीच नाही. सुरक्षेची दुरुस्ती हवी असेल, तर तिच्यासोबत टास्कबारवरचं नको असलेलं बटणही घ्या, बातम्यांची पट्टीही घ्या. चार जीबी रॅमवर काम करणाऱ्या पोरीनं ते का सोसायचं? लोक अपडेटला कंटाळलेत ते सुरक्षिततेला कंटाळून नाही, या जबरदस्तीला कंटाळून.

पुतणी : एकत्र बांधण्यामागे कारण आहे. प्रत्येकानं आपापल्या मर्जीनं निवडलं, की जगात एकसारखी दोन यंत्रं सापडत नाहीत, आणि कुठल्या जोडीनं काय बिघडेल ते तपासणं कुणालाच जमत नाही. पण हे कारण दुरुस्त्यांना लागू आहे. बातम्यांच्या पट्टीला नाही. तिथं मी तुमच्या बाजूनं आहे. सुरक्षा सक्तीची असावी आणि सजावट विचारून यावी.

काका : तुला आणखी एक विचारतो. महिन्याच्या शेवटी तू वरिष्ठांना अहवाल देतेस, किती टक्के यंत्रांवर अपडेट पोचलं त्याचा. अपडेटनंतर किती काउंटरवर रांग लांबली, किती कारकुनांचं काम अडलं, ते त्यात येतं का?

पुतणी : नाही येत.

काका : मग तुला अपडेटची किंमत दिसतच नाही. ती दिसते काउंटरवरच्या बाईला आणि इथं दुकानात मला.

पुतणी : बरोबर आहे. तो आकडा मोजायला हवा. अपडेटआधी आणि नंतर यंत्र सुरू व्हायला किती वेळ लागतो, याची नोंद विंडोज स्वतःच ठेवतं; ती गोळा करणं अवघड नाही. आणि काउंटरवर जाऊन विचारणंही अवघड नाही.

काका : क्लोन झालं. एसएसडी लावतो. काही जागा वाचता आल्या नाहीत, म्हणजे विंडोजच्या काही फाइली खराब असू शकतात. डिझम आणि एसएफसी ही विंडोजचीच दुरुस्तीची साधनं चालवून घेतो... झालं. आता बघ, चालू कसं होतंय ते. कॉरेलही उघडलं.

पुतणी : मग काम झालं म्हणायचं.

काका : नाही झालं. हे पान बघ. नुसतं सरकवलं तरी स्क्रीनवर तुटक-तुटक सरकतंय. चित्र झूम केलं की पट्ट्या पडतात. तुझी डिस्क नवीन आहे, सीपीयू रिकामा आहे, मग हे का? ऑपरेटर दिवसभर पानच सरकवत असतो. त्याच्यासाठी मशीन अजून स्लोच आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडतो. हे घे. डिस्प्लेखाली काय लिहिलंय? 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर.'

पुतणी : म्हणजे ग्राफिक्सचा मूळ ड्रायव्हरच गेलाय. कामचलाऊ ड्रायव्हरवर चाललंय सगळं. चित्र रंगवायचं काम प्रोसेसर स्वतः करतोय.

काका : आणि हा गेला कधी? ड्रायव्हरच्या प्रॉपर्टीत इव्हेंट्सच्या टॅबवर तारीख असते. बघ. अपडेटचाच दिवस.

पुतणी : हा दोष अपडेटचा. यात दुसरं कुणी नाही.

काका : 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबता येत नाहीये, मागची प्रत उरलेली नाही. उत्पादकाचा ड्रायव्हर त्याच्या संकेतस्थळावरून घेऊन टाकतो. हे बघ, आता पान कसं सरकतं. आणि लक्षात घे, यासाठी मला अख्खं अपडेट काढावं लागलं नाही. दुखतंय तिथंच हात घातला.

पुतणी : मी मगाशी तेच म्हणत होते. अपडेटवर खापर फोडून मोकळं झालो असतो, तर मरणारी डिस्क राहिली असती. आणि डिस्कवर खापर फोडून मी मोकळी झाले, तेव्हा ड्रायव्हर राहत होता. तो तुमच्या नजरेनं सापडला, कारण ऑपरेटर दिवसभर काय करतो ते तुम्हाला माहीत आहे.

काका : आता एक अवघड प्रश्न. त्याच प्रेसमध्ये कोपऱ्यात आणखी एक मशीन आहे. विंडोज ७, पेजमेकर ७. पेजमेकरची ही आवृत्ती २००१ ची, त्यानंतर नवीन आलीच नाही. त्यात युनिकोड मराठी नीट चालत नाही. जुन्या फॉन्टमधले किती तरी वर्षांचे अंक, पुस्तकं, पाठ्यसाहित्य त्या मशिनवर आहे. विंडोज ७ चा सर्वसाधारण पाठिंबा जानेवारी २०२० मध्येच संपला. ते मशीन मी बदलू देणार नाही. सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेल की नाही याची खात्री नाही, आणि जुनी पानं उघडली नाहीत तर आमचं छापलेलं मराठी आमच्याच हातून जाईल.

पुतणी : ते ठेवाच. फक्त त्याची नेटची वायर काढा.

काका : एवढंच?

पुतणी : वायर काढायची, वायफाय असेल तर बंद करायचं, प्रेसच्या नेटवर्कमधूनही बाहेर ठेवायचं. फाइल न्यायला-आणायला एकच पेनड्राइव्ह, तो आधी या नव्या मशिनवर तपासायचा. आणि जुन्या पानांच्या प्रती दुसऱ्या डिस्कवर, शिवाय पीडीएफ करून. जे यंत्र बाहेरच्या जगाशी बोलत नाही, ते अपडेटशिवाय पुष्कळ टिकतं. ज्याच्यावरून बँकेचा व्यवहार होतो, जीएसटी भरतो, मेल येते, त्याला ही सवलत नाही.

काका : हे पटलं. आजवर मी दोन्ही मशिनांना एकच औषध देत होतो. पण एका बाबतीत मी मागे हटणार नाही. अंक छापून होईपर्यंत या मशिनवर नवीन अपडेट बसणार नाही.

पुतणी : पॉज करा, आक्षेप नाही. पाच आठवडे पुरेसे आहेत. ड्रायव्हर अपडेटमधून आपोआप बदलू नयेत ही सेटिंगही लावून टाका. फक्त दिवाळीनंतर ते अपडेट बसलं पाहिजे, आणि बसल्यावर दोन रात्री मेन स्विच पाडायचा नाही.

काका : मालकांना फोन लावतो. सांगतो : डिस्क गणपतीच्या आधीपासून खराब होत होती, ती बदलली. अपडेटनं ग्राफिक्सचा ड्रायव्हर घालवला होता, तो परत बसवला. अपडेट बंद केलेलं नाही, थांबवलंय. ते पुन्हा कधी सुरू होणार ती तारीख बिलावर लिहून देतो.

पुतणी : बॅकअप कुठल्या डिस्कवर आहे तेही लिहा. पुढच्या वेळी मशीन तुमच्याकडे येईलच असं नाही, आणि ते ज्याच्याकडे जाईल त्याच्या हाती ही माहिती पडली पाहिजे.